मेंढ्या व्यायच्या आधी वाड्यात खाली काय अंथरावं?

सांवेररस्ता:
नमस्कार. घर इंदुरात, शेत सांवेरच्या वाटेवर. अकरा मेंढ्या गाभण आहेत. मेंढा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोडला होता, म्हणजे पहिली कोकरं डिसेंबरच्या शेवटी, ऐन कडाक्यात. मागच्या थंडीत तीन कोकरं पहिल्याच रात्री गेली. चौथं आईने रात्रभर चुलीजवळ मांडीवर घेऊन वाचवलं. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

वाडा म्हणजे जुनी कांद्याची खोली, १२ बाय २० फूट, तीन बाजूंना भिंत, वर पत्रा, खाली काळी माती. मागे लाकडाचा भुसा टाकला होता. सोयाबीनचं भुसकट घरचं आहे, गव्हाचं विकत घ्यावं लागेल. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

महूची काकू:
बाळा, अंथरणाच्या आधी जमीन बघ. काळी माती मूत धरून ठेवते. वर कितीही टाकलंस तरी चार दिवसांत ओल वर येते, आणि कोकरं थंडीपेक्षा या ओलीने जास्त जातात. आम्ही वीतभर माती खणून काढली, मुरूम भरला, धुम्मसाने ठोकून दाराकडे उतार दिला. त्यावर विरलेला चुना भुरभुरून दोन दिवस दार उघडं ठेवलं. कळीचा चुना टाकू नकोस, ओल लागली की तो तापतो आणि खूर, कास भाजते.

लाकडाचा भुसा यंदा नकोच. नुकतं पडलेलं कोकरू ओलं, चिकट असतं. भुसा त्याच्या नाकातोंडाला बसतो, आई चाटायला गेली की तिच्याही तोंडात तोच.

सोयाबीनचं भुसकट खाली घाल. काड्या टोचतात, पण त्यांच्यातून पाणी खाली उतरतं. वर गव्हाचं लांब काड, थ्रेशरचा भुसा नव्हे, त्याची धूळ फार. काड मिळालं नाही तर माळाचं वाळलेलं गवत चालेल, फक्त कुसळी गवत घेऊ नकोस, कुसळं लोकरीतून कातडीत घुसतात. बुरशीचा वास आला तर ती पेंढी सरळ बाहेर.

सुरुवातीला चार बोटं जाडी पुरे. मग रोज वरून थोडं कोरडं टाकत जायचं. सकाळी त्यात गुडघा टेकून बस. लुगडं ओलं झालं तर अजून घाल.

देपालपूरकर:
काकूंचं बरोबर आहे. पण वारा अडवायला हवा. उघड्या बाजूला पत्र्यापर्यंत ताडपत्री बांधा, मी तेच करतो.

महूची काकू:
दादा, पत्र्यापर्यंत नको हो. रात्री मुताचा उग्र वास आत कोंडतो आणि कोकरांच्या छातीत भरतं. आम्ही खालच्या तीन फुटांना बटाट्याचं बारदान बांधतो, वर मोकळं. खाली कोकराच्या उंचीवर बसून पाहा, डोळे चुरचुरले तर हवा कमी आहे.

देपालपूरकर:
हे कधी करून पाहिलं नाही. आज रात्री बसतो.

गुरांचा डॉक्टर:
अंथरणाबद्दल काकूंनी सगळं सांगितलं. व्यालेल्या मेंढीला कोकरासकट १५ ते २० चौरस फूट लागतात, तेव्हा खोलीत दुसरं सामान ठेवू नका. एका कोपऱ्यात ५ बाय ५ फुटांचे दोन आडोसे करा. व्यालेली मेंढी कोकरासह तिथे दोन दिवस राहू द्या, ओळख पक्की होते. प्रत्येकीनंतर तिथलं अंथरण बदला.

आंत्रविषाराची (आतड्यांच्या जीवघेण्या रोगाची) लस व्यायच्या तीन-चार आठवडे आधी द्यायची असते, म्हणजे आताच. तिचं संरक्षण चिकातून, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दुधातून, कोकराला मिळतं. चीक पहिल्या तासा-दोन तासांत पोटात जायला हवा, कोकराच्या वजनाच्या किलोमागे ५० मिली धरा. बेंबीला टिंक्चर आयोडीन. वार (व्याल्यावर पडणारी झार) हातमोजे घालून उचला आणि खोल पुरा, कुत्र्यांना मिळता कामा नये. घरात कोणी गरोदर असेल तर तिला या कामापासून पूर्ण लांब ठेवा. गर्भपात करणारे काही जंतू मेंढीकडून माणसाला होतात.

सांवेररस्ता:
डॉक्टर, बरं झालं लिहिलंत. वहिनीला पाचवा महिना आहे आणि मागच्या वर्षी रात्री उठून तीच बघायची. तिला आत्ताच सांगून आले, रात्री मी उठेन. काकू, मुरमाची ट्रॉली उद्या येतेय. आईने सोयाबीनचं भुसकट उन्हात पसरायला घेतलंय. लसीसाठी सकाळी दवाखान्यात जाते.