'अकिरा'चा वारसा म्हणजे फक्त एक लाल बाइक?

तिरपागडा:
स्पॉयलर आहेत, आधीच सांगतो.

कात्सुहिरो ओतोमोचा जपानी अॅनिमेशनपट 'अकिरा' (1988) थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. माझं भांडण आहे ते त्याचा 'प्रभाव' म्हणून जे मिरवलं जातं त्याच्याशी. लाल जाकीटवाला नायक कानेदा, त्याची लाल बाइक आडवी घसरत थांबते, तो शॉट जो तो उचलतोय. स्पीलबर्गच्या 'रेडी प्लेअर वन'मध्ये अख्खी बाइकच आली, जॉर्डन पीलच्या 'नोप'मध्ये ते घसरणं आलं. वर थोडा निऑन शिंपडला की लोक म्हणायला मोकळे, "वा, अकिरा!"

मुळात सिनेमात आहे काय? 16 जुलै 1988 ला टोकियो एका स्फोटात नाहीसं होतं. सिनेमा जपानात लागला तोही नेमका याच दिवशी. मग 2019 च्या निओ-टोकियोत, म्हणजे नव्याने वसवलेल्या शहरात, मोर्चे आहेत, अश्रुधूर आहे, एकमेकांवर खेकसणारे पुढारी आहेत, लहान मुलांवर प्रयोग करणारं लष्कर आहे आणि या सगळ्यात ऑलिंपिकच्या स्टेडियमचं काम जोरात चालू आहे. साठच्या दशकात अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध जपानी विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, ती धग या गर्दीत जाणवते. हा राग कुणी घेतला? सगळ्यांनी जाकीट तेवढं घेतलं.

निशाचर घुबड:
साफ असहमत. प्रभाव म्हणजे राजकीय भूमिका उचलणं, हे कुणी ठरवलं?

जपानी अॅनिमेशनमध्ये साधारणपणे आधी चित्रं होतात, मग नट त्यावर आवाज देतात. ओतोमोने संवाद आधी रेकॉर्ड केले आणि ओठ त्याबरहुकूम काढून घेतले. त्यात सिनेमा बराचसा रात्रीचा. रात्र रंगवायला जास्त छटा लागतात, म्हणून बाकीचे ती टाळायचे. इथे 327 रंग वापरले, त्यातले 50 खास या सिनेमासाठी बनवले. सेल, म्हणजे ज्यावर चित्रं रंगवतात ते पारदर्शक कागद, दीड लाखाच्या वर. सुरुवातीच्या पाठलागात बाइकच्या मागच्या दिव्याची लाल रेघ हवेत क्षणभर रेंगाळते ना, ती हाताने रंगवलेली आहे राव! जाकीट म्हणे.

खडूस:
आता कुणीतरी 'सेकंदाला 24 चित्रं' ही दंतकथा घेऊन येईल, त्याआधीच सांगतो: सगळा सिनेमा तसा नाही. बऱ्याच जागी एकच चित्र दोन फ्रेम धरलंय. सिनेमा त्याने लहान होत नाही, पण भक्तांनी आकडे जपून फेकावेत.

बोरकूट:
तंत्र-बिंत्र ठीक, पण गोष्ट कुणाला एका बैठकीत कळली? खरं सांगा. दोन हजारांवर पानांची मांगा, म्हणजे ओतोमोचीच मूळ चित्रकथा, दोन तासांत कोंबलीय, आणि तीही तेव्हा पूर्ण झाली नव्हती, 1990 ला संपली. शेवटी कानेदाचा मित्र तेत्सुओ, ज्याच्यात अचाट शक्ती येते, त्याचा हात सुजत सुजत स्टेडियमभर पसरतो, तिथे मी हात टेकले. आणि त्याची मैत्रीण काओरी? तिने मार खायचा, रडायचं आणि शेवटी त्याच मांसात चिरडून मरायचं. मांगात तिला निदान काही काम तरी आहे. मास्टरपीस म्हणताना हे कुणी बोलत नाही.

तिरपागडा:
@बोरकूट, काओरीबद्दल शंभर टक्के.
@घुबड, तू सांगतोस ती मेहनत. तिला सलामच. पण इतकी महागडी मेहनत नंतर कितीजणांनी केली? म्हणजे तोही वारसा चालला नाहीच.

रिकामटेकडी:
चालला, पण तुम्ही तो शॉट्समध्ये शोधताय. माणसांत शोधा. सातोशी कोन हा ओतोमोच्या हाताखाली मांगावर राबलेला. पुढे 1995 च्या 'मेमरीज'मधल्या एका भागाची पटकथा त्याने लिहिली आणि 1997 मध्ये 'परफेक्ट ब्लू' केला. त्यात बाइक नाही, निऑन नाही. डोकं ठिकाणावर राहत नाही अशी मुलगी आहे. आता तेत्सुओचा हॉस्पिटलमधला प्रसंग आठवा. टेडी, ससा, खेळण्यातली गाडी, सगळी अवाढव्य होऊन त्याच्यावर चालून येतात, त्यांच्या अंगातून दूध गळतंय. मग त्याचा पाय काचेवर पडतो, रक्त येतं, आणि ते बघून ती खेळणीच घाबरून पळतात! खरं काय नि भास काय याची ही सरमिसळ कोनच्या सिनेमांत पुढे ठायी ठायी दिसते.

आणि उचलण्याचं म्हणाल तर ओतोमोनेही उचललंच की. कानेदा, तेत्सुओ, कर्नल शिकिशिमा ही नावं आणि अकिराचा, म्हणजे लष्कराच्या प्रयोगातल्या त्या मुलाचा, 28 हा क्रमांक, सगळं मित्सुतेरू योकोयामाच्या 'तेत्सुजिन 28' या रोबोच्या मांगातून आलंय. तो महायुद्धातलं शस्त्र म्हणून बनलेला रोबो, नंतर एका पोराच्या हाती आलेला. ओतोमोच्या हाती त्याच क्रमांकाचं शस्त्र झालं एक मूल. नावं तीच, धंदा उलटा.

गावठी रोबो:
ऑलिंपिक कसं विसरलात? सिनेमात 2020 च्या टोकियो ऑलिंपिकला 147 दिवस उरल्याची पाटी आहे, खाली कुणीतरी खरडलंय "रद्द करा". खऱ्या 2020 मध्ये करोनामुळे स्पर्धा खरंच पुढे ढकलली! अंगावर काटा येतो.

खडूस:
काटा आवर. 1964 चं ऑलिंपिक बघितलेल्या माणसाने पुढचं कल्पिलं, एवढंच. आणि ती रद्द नाही झाली, 2021 मध्ये झाली.

बोरकूट:
@रिकामटेकडी, सगळं मान्य करूनही शेवट कळत नाहीच.

रिकामटेकडी:
अहो, लोक रस्त्यावर ज्याच्या नावाने टाहो फोडतायत, तो अकिरा स्टेडियमखालच्या गोठवलेल्या कोठीतून बाहेर येतो तेव्हा निघतात नुसत्या काचेच्या नळ्या. मुलाचे तुकडे करून ठेवलेत शास्त्रज्ञांनी. मांगात तो जिवंत पोरगा आहे. माझ्या मते हा बदल मांगापेक्षा भारी आहे. तेत्सुओचा हात सोडा, त्या नळ्या पुन्हा बघा.

तिरपागडा:
म्हणजे माझंच म्हणणं झालं. नळ्या कुणी उचलल्या?

निशाचर घुबड:
उचलायलाच हव्यात का? आणि गेइनोह यामाशिरोगुमी या संगीतसमूहाच्या संगीताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बालीचं बांबूच्या वाद्यांचं जेगोग आणि जपानच्या पारंपरिक नोह नाटकातलं गायन एकत्र. इतका वेळ नुसतं बाइक बाइक.

खडूस:
नव्याने बघणाऱ्यांनी जपानी आवाजात सबटायटल्स लावून बघा. ओठ त्याच आवाजांवर काढलेत. 1989 चं इंग्रजी डब फक्त हसायला ठीक आहे.