संसदेच्या खासदाराची इस्टेट संसदेनेच का जप्त केली?

शिरपूरची वाचक:
एम.ए.ला इंग्लंडचं यादवी युद्ध आहे, राजा विरुद्ध संसद. राल्फ व्हर्नी हा बकिंगहॅमशायरचा जमीनदार, १६४० पासून ॲलिसबरीचा खासदार, राजाच्या विरोधात. तरी त्याची क्लेडनची इस्टेट संसदेनेच जप्त केली. असं का?

चोपडेकर:
बाप राजाचा निशाणबरदार होता ना? त्याचा राग असेल.

अमळनेरचे नाना:
नाही भाऊ, बापाचा राग नाही. सर एडमंड राजाचं अन्न खाल्लं म्हणून त्याच्याकडून लढले आणि ऑक्टोबर १६४२ मध्ये एजहिलच्या लढाईत निशाणासकट पडले. राल्फचा धाकटा भाऊही राजाकडे. त्याने राल्फला फार कडू पत्र लिहिलं, पण पुढे दोघांचा पत्रव्यवहार पुन्हा जुळला. आपल्याकडे ग्रामपंचायतीला दोन पॅनलमध्ये गेलेले भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत, म्हणून मला हे मोठं वाटतं. राल्फचा तो भाऊ १६४९ ला आयर्लंडमधल्या ड्रॉएडाला मारला गेला.

ताई, तुमचं उत्तर शपथेत आहे. १६४३ मध्ये संसदेने स्कॉटलंडशी करार केला आणि चर्चची घडी बदलायची शपथ खासदारांना घालायला लावली. राल्फच्या मनाला ती पटेना. शपथ न घेता तो बायकोमुलांसह फ्रान्सला निघून गेला. गैरहजर म्हणून खासदारकी गेली, इस्टेटीवर जप्ती आली.

शिरपूरची वाचक:
मग सोडवली कोणी?

अमळनेरचे नाना:
मेरीने, त्याच्या बायकोने. लग्नात ती तेरा वर्षांची पोरकी वारसदार होती. राल्फ परतला असता तर पकडला गेला असता. घरातल्या डॉक्टर मामांचा सल्ला पडला की या कामी बाईच उपयोगी. १६४६ च्या अखेरीस ती गरोदरपणात एकटी लंडनला आली आणि संसदेच्या कमिट्यांचे उंबरे झिजवत राहिली. १६४७ मध्ये तिकडे फ्रान्सला मुलगी गेली, इकडे तान्हा मुलगा गेला. तरी ती हटली नाही. जानेवारी १६४८ ला जप्ती उठली. १६५० मध्ये फ्रान्समधल्या ब्ल्वा इथे ती वारली. राल्फने तिचा देह क्लेडनला पाठवला, तिथे तिला पुरलं.

हे कळतं ते घराण्याने हजारो पत्रं जपली म्हणून. फ्लॉरेन्स नाइटिंगेलची बहीण पार्थेनोपी १८५८ ला त्या घरात लग्न होऊन आली, तिने ती लावायला घेतली. धुळ्याला राजवाडे मंडळात जुनी दप्तरं पाहिली असतील तर हे काम किती किचकट ते तुम्हाला ठाऊक असेल.

पेपरात शपथेइतकीच जागा मेरीला द्या.