ए६४०० चांगला चालत असताना ए६७०० घ्यायचा का?

फावला वेळ
ओळखीतल्या बऱ्याच जणांनी सोनीचा ए६४०० कॅमेरा विकायला काढलाय. कारण विचारलं तर ए६७०० घ्यायचाय म्हणतात. म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्याला फक्त फोटो काढायचेत त्याने या फंदात पडू नये. वरचे पैसे लेन्समध्ये घालावेत.

ए६४०० आला २०१९च्या जानेवारीत, ए६७०० २०२३च्या जुलैत. साडेचार वर्षांत २४ मेगापिक्सेलचे २६ झाले. म्हणजे आडव्या बाजूला ६००० पिक्सेल होते ते ६१९२ झाले, बस. दोघांच्या प्रिंट शेजारी ठेवा आणि कुठली कुणाची ते ओळखून दाखवा. सलग फोटोंचा वेग तेव्हाही सेकंदाला ११ होता, आताही ११च. व्ह्यूफाइंडर तोच २३.६ लाख डॉट्सचा. कार्डाची खाच एकच.

वर बॉडी ४०३ ग्रॅमची ४९३ झाली आणि फ्लॅश काढून टाकला. त्या चिमुकल्या फ्लॅशला लोक नावं ठेवतात, पण तो उघडून बोटाने मागे रेलून धरा. उजेड छतावर आपटून खाली येतो आणि घरातल्या बारशाचे फोटो झकास निघतात. आता त्यासाठी वेगळा फ्लॅश बाळगा. आकार लहान म्हणूनच आपण हे कॅमेरे घेतो ना? फुजीच्या एक्स-एस२०ने तर ४९१ ग्रॅममध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) आणि फ्लॅश दोन्ही बसवलेत. म्हणजे बसत नव्हता अशी सबब चालायची नाही.

बाकी जे नवं आहे ते बहुतेक व्हिडिओवाल्यांचे लाड.

लग्नघर
लाड म्हणालात म्हणून लिहितो, एरवी वाचून गप्प बसलो असतो. लग्नाची शूटिंग हे आमचं पोट आहे.

ए६४०० आठ बिटमध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे एका रंगाच्या २५६ छटा. ए६७०० दहा बिटमध्ये, १०२४ छटा. कागदावर हा नुसता आकडा दिसतो. पण हळदीच्या मागे पिवळं कापड लावलेलं असतं, त्यावर एका बाजूने दिवा. लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंग करता यावेत म्हणून फिकं घेतलेलं आठ बिटचं फुटेज रंग करायला बसलं की त्या कापडावर पट्टेच पट्टे. कितीही घासा, जात नाहीत. ए६७००वर तोच शॉट खेचून ताणला तरी तुटत नाही.

दुसरं, ए६४००चा पडदा वर उलटतो आणि हॉट शूवर, म्हणजे माथ्यावरच्या खाचेत, माइक लावला की बरोबर त्याच्या मागे जाऊन बसतो. हेडफोनचं भोक नाही, त्यामुळे आवाज येतोय की नाही ते घरी गेल्यावर कळणार. ए६७००चा पडदा बाजूला उघडतो, हेडफोनही लागतो. अक्षता पडतात तो क्षण सेकंदाला १२० फ्रेमने ४के घेऊन जवळपास पाचपट सावकाश दाखवता येतो. तिथे कडा १.५८ पट कापल्या जातात, ते मान्य.

उणं काय तेही सांगतो. एवढ्याशा बॉडीत पंखा नाही. मे महिन्याच्या मांडवात ४के ६० फ्रेमने सलग ताणलंत तर तापणारच. तापमानाची मर्यादा मेन्यूत 'हाय' करून ठेवा आणि लांबलचक विधी २५ फ्रेमवर घ्या.

माळरानी
व्हिडिओ राहू दे बाजूला, मी फक्त फोटो काढतो आणि तरी फावला वेळ यांच्याशी सहमत नाही. तुम्ही मेगापिक्सेल मोजलेत, फोकस विसरलात.

सासवडच्या माळावर चंडोल बसलेला असतो, मातीच्याच रंगाचा, आणि मध्ये वाळलेल्या गवताची काडी. ए६४०० इमानेइतबारे त्या काडीवर फोकस करतो. त्याला डोळा कळतो तो माणसाचा, पुढे फर्मवेअरने कुत्र्यामांजरांचा. पक्ष्याचा नाहीच. ए६७००मध्ये पक्षी निवडला की चौकट थेट डोळ्यावर. काडी मध्ये असली तरी बहुतेक वेळा सुटत नाही. फोकसचे बिंदू ४२५चे ७५९ झालेत, पण खरी करामत विषय ओळखणाऱ्या वेगळ्या प्रोसेसरची आहे. किडेही ओळखतो, फुलपाखरांवर वापरून बघा.

७०-३५० दोन्हींवर लावली आहे. लेन्स तीच, हात तोच. घरी येऊन डिलीट करायचे फोटो निम्म्यावर आले.

फावला वेळ
माळरानी, पक्ष्यांपुरतं मान्य. बाकीच्यांचं काय? आणि आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर धीवराचे पंख केळ्यासारखे वाकतात, कारण सेन्सर स्टॅक्ड, म्हणजे झटपट वाचला जाणारा, नाही. लाखाच्या वर मोजल्यावर तेही मिळायला हवं होतं.

माळरानी
मग मेकॅनिकल शटर लावा की. धीवर पळून जात नाही त्या आवाजाने.

गुंफावेडी
ए६७००च्या बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनचा उल्लेख धागाकर्त्यांनी शिताफीने टाळलाय. माझ्यासाठी तेवढं एकच कारण पुरेसं होतं.

अजिंठ्याला फ्लॅशला मनाई आहे, ट्रायपॉड घेऊन सहज कुणी आत सोडत नाही. लेणं क्रमांक १मध्ये पद्मपाणीसमोर उभं राहा. सिग्माची १८-५० लेन्स, एफ २.८ (हा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), शटर १/३० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४००. या लेन्समध्ये स्वतःचं स्टॅबिलायझेशन नाही, त्यामुळे ए६४००वर यापेक्षा सावकाश शटर ठेवायची छाती होत नाही. मुकुटावरची बारीक रेघ त्या आयएसओच्या दाण्यात हरवते. ए६७००वर श्वास रोखून १/४ ठेवते, आयएसओ ८०० वर येतो. तीन स्टॉपचा फरक, म्हणजे उजेड तीनदा दुप्पट. सोनी पाच स्टॉप सांगते. पाच माझ्या हाताला जमत नाहीत, तीन मात्र हमखास.

तुम्ही म्हणता लेन्समध्ये पैसे घाला. एफ २.८ची लेन्स तीन स्टॉप उजळ करून दाखवा.

फावला वेळ
भिंतीवरचं चित्र हलत नाही म्हणून जमतं ताई. घरात पळणारं नातवंड १/४ला धरून दाखवा. तिथे एफ १.४ची लेन्सच कामाला येते, बॉडी कुठलीही असो. आणि लोक वर्षभर काढतात ते फोटो नातवंडांचेच.

हिशेबनीस
बॅटरीबद्दल कुणीच बोललं नाही. जुनी एफडब्ल्यू५० १०२० एमएएचची, नवी एफझेड१०० २२८० एमएएचची, सव्वादोन पट. पण पडद्यावर बघून काढले तर सोनीच्याच आकड्यांनुसार ४१०चे ५७० फोटो झाले, दीडपटही नाहीत. म्हणजे एका फोटोमागे अडीच एमएएच लागायचे ते आता चार लागतात. नवा प्रोसेसर आणि स्टॅबिलायझेशन फुकटात चालत नाही. तरीही सबंध दिवस एका बॅटरीत निघतो, हे खरं सुख. त्यात चार्जिंग यूएसबी-सीवर. ए६४००ला अजून ती मायक्रो यूएसबीची केबल शोधत बसावं लागतं.

काठावरचा
माझ्याकडे यातला एकही नाही. मग?

लग्नघर
व्हिडिओ थोडा जरी करणार असाल तर ए६७००.

फावला वेळ
वापरलेला ए६४०० आणि एक उजळ लेन्स. विकणारे भरपूर आहेत, या धाग्याच्या सुरुवातीला म्हटलंच. घेताना एफ १६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा, सेन्सरवरची धूळ दिसते. फ्लॅश उघडून बंद होतोय ना तेही बघा.

माळरानी
आणि पक्ष्यांची आवड असेल तर यांचं ऐकू नका.