आईच्या खोलीला आयव्हरी की फिकट राखाडी?

सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. आईची खोली रंगवायची आहे. दहा बाय बारा, खिडकी एकच, उत्तरेला. खाली शहाबादी फरशी, कडेला सागवानी कपाट. दुकानात फिकट राखाडी इतका शांत वाटला की सांगूनच टाकणार होते. नमुन्याची डबी आणून जुन्या पोपटी भिंतीवर हात मारला, तर सकाळी तो निळसर दिसतोय. आई म्हणाली, "दवाखान्यात निजल्यासारखं वाटतंय गं." गुडघ्यांमुळे तिचा सगळा दिवस त्याच खोलीत जातो, म्हणून मला चुकायचं नाहीये. आयव्हरी लावावा तर फरशीजवळ तो पिवळट दिसतो. काय करू?

प्रतिसाद १ (मिरज, रंगकाम करतो)
ताई, पोपटीवरचा नमुना धरू नका, शेजारच्या रंगानं डोळा फसतो. दोन फुटी पुठ्ठ्याला पांढरा प्रायमर, वर रंगाचे दोन हात. पूर्ण वाळू द्या, इमल्शन (पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग) वाळल्यावर जरा गडद होतं. मग पुठ्ठा फरशीला टेकवून, कपाटाशेजारी ठेवून, सकाळी, दुपारी चारला आणि दिवा लावून बघा. उत्तरेला ऊन फारसं येत नाही, बहुतेक आभाळाचाच उजेड, तो मुळातच निळसर. राखाडीतला निळा त्यात वर येतो. दिवा ६५०० केल्विनचा, म्हणजे पांढऱ्या-निळसर उजेडाचा असेल तर रात्रीही तेच. ३००० चा, पिवळसर उजेडाचा लावून बघा.

प्रतिसाद २
गावभाग म्हणजे २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं असेल. आमच्याकडं आलं होतं. भिंत चुन्याची, तिच्यावर प्लास्टिक इमल्शन मारलं आणि पुढच्याच पावसाळ्यात खालच्या तीन फुटांचे पोपडे निघाले. ओल आतच कोंडते. शेवटी सगळं खरवडून, वाळवून चुना मारला, त्यात थोडी पिवडी (पिवळी रंगाची माती). अजून टिकलाय. शेड ठरवायच्या आधी भिंत बघा.

मूळ प्रश्नकर्ती
पाणी आलं होतं, कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यापर्यंत. भिंत चुन्याचीच आहे, खाली खरवडलं तर पांढरा क्षार हाताला लागला. त्यामुळं इमल्शन रद्द. मिरजेच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे पुठ्ठे केले, तिसरा चुना-पिवडीचा. सागवानाशेजारी राखाडी फारच गार पडला. आयव्हरी पिवळ्या दिव्यात आणखीच पिवळा. पिवडीचा पुठ्ठा आईनं उशाशी ठेवून घेतलाय, उचलू देत नाही. भिंत दिवाळीपर्यंत वाळू देणार आणि मग तोच.