नांदूर मध्यमेश्वर आणि शिर्डी एकाच दिवसात : योग्य की अयोग्य?

गोदाकाठ (मूळ लेखन)

डिसेंबर जवळ आला की नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या सहलींचे बेत ठरू लागतात आणि त्यांतील बहुतेकांचा साचा एकच असतो. पहाटे मुंबई किंवा पुण्याहून निघायचे, दुपारी बाराच्या सुमारास अभयारण्यात दोन तास घालवायचे आणि संध्याकाळी शिर्डीला दर्शन घेऊन रात्री घरी परतायचे. हा बेत मुळातच चुकीचा आहे, असे माझे मत आहे आणि त्यावर सविस्तर चर्चा व्हावी यासाठी हा धागा काढत आहे.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. त्या गाळामुळे उथळ पाणी, चिखलाचे पट्टे, पाणकणसांची बेटे आणि काठची झाडी असे अधिवास एकमेकांना लागून तयार झाले. १९८६ साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि पुढे रामसर करारातील, म्हणजे पाणथळ जागांच्या संवर्धनासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारातील, यादीत समावेश झालेले ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण ठरले. यादीत नोंदलेले क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे. एवढ्या जागेत काय काय पाहायचे, हे दोन तासांत ठरवतासुद्धा येत नाही.

माझा मुख्य आक्षेप वेळेला आहे. तलवार बदक, चक्रवाक, थापट्या यांसारखी स्थलांतरित बदके आणि पट्टकादंब हंस यांच्या हालचाली पहाटे आणि संध्याकाळी अधिक असतात. त्यांपैकी बरीच बदके रात्री चरतात आणि भर दुपारी पाण्यावर माना पाठीत खुपसून विश्रांती घेत असतात. शिवाय ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि चांगल्या दुर्बिणीतूनसुद्धा लांबच्या पक्ष्याचा रंग नीट कळत नाही. बारा वाजता आलेला माणूस म्हणतो, ‘लांबवर काळे ठिपके दिसले, बाकी काही नव्हते.’ दोष जागेचा नसतो, वेळापत्रकाचा असतो.

म्हणून आदल्या रात्री नाशिक, सिन्नर किंवा निफाड येथे मुक्काम करावा, सूर्य उगवण्याच्या सुमारास अभयारण्याच्या काठच्या चापडगावच्या बाजूला पोहोचावे, स्थानिक मार्गदर्शक सोबत घ्यावा आणि संपूर्ण दिवस तिथेच द्यावा. त्या दिवसाला दुसरे कोणतेही ठिकाण जोडू नये. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी सरळ दुसरा मोसम निवडावा, एवढे मी स्पष्टपणे म्हणेन.

सविता_कल्याण

आपण दिलेली माहिती उपयुक्त आहे, परंतु शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. आमच्या घरात सासूबाई सत्तरीच्या आहेत, दोन मुले शाळेत आहेत आणि भाड्याची गाडी दिवसाच्या हिशेबाने ठरवावी लागते. सासूबाईंना शिर्डीला जायचे आहे, मुलांना पक्षी पाहायचे आहेत. दोन वेगळ्या सहली करण्याइतकी रजा आणि पैसे प्रत्येक कुटुंबाकडे नसतात. अशा कुटुंबाने पक्षी पाहायला जाऊच नये, असा आपल्या म्हणण्याचा अर्थ निघतो.

ज्या मुलाने एकदा जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचा देठ पायाच्या बोटांत मुठीसारखा धरून सोलून खाताना पाहिली आहे, त्याला पाणथळ जागा म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. हे दृश्य काठापासून फार लांब नसते आणि दुपारीही दिसू शकते. दोन तासांत पट्टीच्या पक्षीनिरीक्षकाचे समाधान होणार नाही, हे मला मान्य आहे. पण तिथे येणारा प्रत्येक जण पाहिलेल्या पक्ष्यांची यादी भरायला येत नाही. उद्या एखाद्या पाणथळ जागेवर भराव घालण्याची वेळ आली, तर तिच्या बाजूने बोलणारी माणसे याच दोन तासवाल्यांमधून उभी राहणार आहेत.

दलदली_भोवत्या

सविताताई, आपल्या भावनेचा आदर ठेवून मी अगदी उलट बाजू मांडतो. प्रश्न पाहणाऱ्याच्या समाधानाचा नाही, पक्ष्यांच्या विश्रांतीचा आहे. वारकरी, म्हणजेच चांदवा, हा पक्षी पाण्यावरून उडताना आधी बरेच अंतर पाण्यावर पाय आपटत धावतो आणि मगच हवेत उठतो. या धडपडीत त्याची बरीच शक्ती खर्ची पडते. शिकारी पक्षी वरून फिरला की हे दिवसातून काही वेळा घडतेच आणि ते निसर्गक्रमाला धरून आहे. त्यात भर म्हणून रविवारी एकामागून एक येणारे गट, मोठ्याने हाका मारणारी मुले, भडक रंगांचे कपडे आणि छायाचित्रासाठी चिखलात उतरणारे लोक आले, तर हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकादंबाने विश्रांती घ्यायची कधी?

माझ्या मते रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी प्रवेशाची संख्या ठरवून द्यावी आणि सकाळी दहानंतर नवीन गट आत सोडू नयेत. घाईत येणारा माणूस सर्वांत जास्त आवाज करतो, कारण त्याला थोड्या वेळात काहीतरी ‘दिसलेच’ पाहिजे असते. मुंबईत बोटींच्या मागे येणाऱ्या कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकण्याची सवय लोकांना लागली आहे. ती सवय इथपर्यंत पोहोचू नये, असे मनापासून वाटते.

चापडगावचा_वाटाड्या

मी याच परिसरात राहतो आणि मोसमात पाहुण्यांना पक्षी दाखवण्याचे काम करतो, त्यामुळे दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

रविवार बंद करा असे लिहिणे सोपे आहे. आमची मोसमातील कमाई बहुतांश शनिवार-रविवारची असते. मंगळवारी येणारे निष्णात निरीक्षक स्वतःची दुर्बीण, स्वतःचा स्कोप आणि पुष्कळदा स्वतःचे ज्ञान घेऊन येतात. मार्गदर्शक लागतो तो रविवारी येणाऱ्या कुटुंबाला. गावातील तरुणाला या पाण्यातून चार पैसे मिळतात, म्हणून तो कोणी जाळे टाकताना किंवा पक्ष्यांना त्रास देताना दिसला तर हटकतो. ती कमाई थांबवली तर हटकणारे कोण उरणार, याचाही विचार व्हावा.

दुपारी आलेल्या पाहुण्यांना मी पक्षीनिरीक्षणाच्या मनोऱ्यावर नेत नाही. त्यांना काठच्या झाडीत फिरवतो, पाणवनस्पतींच्या पानांवर लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी दाखवतो आणि वाळलेल्या झाडावर पंख पसरून बसलेला पाणकावळा दाखवतो. त्यांना ठिपके दिसत नाहीत, पक्षी दिसतात. गैरसोय होते ती मार्गदर्शक न घेता थेट पाण्याकडे धावणाऱ्यांची.

मात्र सूर्योदयापूर्वी अंधारात उसाच्या कडेने एकट्याने चालत येऊ नये, ही विनंती मी सर्वांनाच करतो. निफाड तालुक्यातील उसात बिबट्याचा वावर आहे आणि पहाटेच्या नादात हे लोक विसरतात. फटफटल्यावर गाडीने प्रवेशद्वारापर्यंत यावे, तेवढी वाट पाहिल्याने कोणताही पक्षी निघून जात नाही. शिवाय थंडीची कल्पना ठेवावी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदले जाणारे तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते ते उगाच नाही. पुण्या-मुंबईच्या पातळ जाकिटात लहान मुले अर्ध्या तासात कुडकुडू लागतात आणि मग सगळ्या कुटुंबाला परत फिरावे लागते. धुके असेल तर आठ-साडेआठपर्यंत पाणीच दिसत नाही, हेही मूळ लेखकांनी लिहायला हवे होते.

निवृत्त_पाटबंधारे

या चर्चेत सर्वांनी पक्ष्यांचा आणि माणसांचा विचार केला, परंतु पाण्याचा विचार कोणीच केलेला नाही. नांदूर मध्यमेश्वर हा पक्ष्यांसाठी बांधलेला तलाव नाही. वरच्या गंगापूर, दारणा आदी धरणांमधून सोडलेले पाणी या बंधाऱ्यावर अडवून गोदावरीच्या उजव्या आणि डाव्या कालव्यांत वळवले जाते. शेतीचे आवर्तन, म्हणजे ठरावीक काळासाठी कालव्यात पाणी सोडणे, सुरू झाले की पाण्याची पातळी बदलते आणि ती बदलली की पक्ष्यांची जागाही बदलते. पातळी उतरून चिखल उघडा पडला तर शेकाटे, तुतवार, शराटी यांसारखे चिखलात चोच खुपसणारे पक्षी जवळ येतात. पाणी चढले की तोच पट्टा बुडतो आणि ते पक्षी दुसरीकडे जातात. त्यामुळे ‘डिसेंबरचा तिसरा रविवार’ असा दिवस ठरवून येण्यापेक्षा स्थानिक मार्गदर्शकाला आदल्या आठवड्यात दूरध्वनी करून पाणी कसे आहे हे विचारावे आणि मग दिवस पक्का करावा. वार कोणता आहे यापेक्षा या एका चौकशीने सहलीत अधिक फरक पडतो.

दुसरा मुद्दा शिर्डीचा. शिर्डी राहाता तालुक्यात आहे आणि त्या भागातील ऊस आणि पेरूच्या बागा ज्या उजव्या कालव्यावर पोसल्या गेल्या, तो कालवा याच बंधाऱ्यावरून निघतो. म्हणजे ही दोन ठिकाणे एकमेकांना परकी नाहीत. सकाळी बंधाऱ्यामागचे पाणी पाहावे आणि दुपारी त्याच पाण्यावर उभी राहिलेली बागायत पाहत शिर्डीला जावे, यात मला विसंगती दिसत नाही. उलट गोदावरीचे खोरे समजून घेण्याचा तो चांगला मार्ग आहे. नाशिकचे सांडपाणी नदीतून इथपर्यंत येते आणि जलपर्णी माजते, ही गोष्टसुद्धा दिवसभर दुर्बीण डोळ्याला लावून बसणाऱ्यापेक्षा नदीच्या कडेने प्रवास करणाऱ्याला लवकर कळते.

दलदली_भोवत्या

पाण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि मला तो पूर्णपणे मान्य आहे. पण तोच मुद्दा माझ्या बाजूने जातो, असे मी नम्रपणे म्हणेन. पातळी चढल्यावर पक्ष्यांना उरलेल्या थोड्या उथळ जागेत दाटीने बसावे लागते आणि नेमक्या त्याच वेळी माणसांची गर्दी झाली, तर त्यांना सरकायला जागा राहत नाही. संख्या ठरवताना पाण्याची पातळीही विचारात घ्यावी, अशी सुधारणा मी माझ्या सूचनेत करतो. वाटाड्यांच्या कमाईचा प्रश्न रास्त आहे. परंतु कमी पाहुणे आणि प्रत्येक गटामागे सक्तीचा मार्गदर्शक, अशी व्यवस्था केली तर त्यांचे नुकसान होईलच असे नाही.

चापडगावचा_वाटाड्या

सक्तीच्या मार्गदर्शकाला माझा पाठिंबा आहे. दहा वाजता फाटक लावण्याला नाही. सकाळी मनमाड किंवा नाशिककडून रेल्वेने निफाडला उतरून, मिळेल त्या वाहनाने येणारे महाविद्यालयीन विद्यार्थी दहाच्या आत पोहोचतीलच असे नसते. स्वतःची गाडी असणाऱ्यांसाठी अभयारण्य उघडे आणि बाकीच्यांसाठी बंद, असे त्याचे रूप होईल.

गोदाकाठ

सर्वांच्या प्रतिसादांबद्दल आभार. धुके, बिबट्या आणि आवर्तन या तीन गोष्टींमुळे बेत आखणाऱ्याला खरी मदत होईल. त्यांचा विचार केल्यावर माझे म्हणणे मी अधिक नेमके करतो.

शिर्डी जोडण्याला माझा विरोध होता तो शिर्डीमुळे पक्ष्यांचा वेळ दुपारवर ढकलला जातो म्हणून. क्रम उलटा केला तर विरोधाचे मुख्य कारण उरत नाही. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी पंचवटी एक्सप्रेस रात्री नाशिकरोडला पोहोचते. तिथे मुक्काम करून सकाळी उजाडता उजाडता चापडगावला यावे आणि अकराच्या सुमारास निघून तासाभराहून थोड्या अधिक प्रवासात शिर्डी गाठावी, असा बेत ज्येष्ठांनाही झेपण्यासारखा आहे. धुके असेल त्या दिवशी दोन तास वाया जातील आणि ती जोखीम पत्करावी लागेल. समृद्धी महामार्गामुळे सिन्नरपर्यंतचा प्रवास सोपा झाला आहे हे खरे, पण त्यामुळे ‘सकाळी निघू, वाटेत पक्षी पाहू’ ही वृत्ती वाढली आहे आणि तिला मी अजूनही विरोधच करतो. अभयारण्य हे वाटेतले ठिकाण नाही.

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. पाण्याकडे नुसते पाहत बसण्यासाठी किमान तीन तास हवेत, कारण माणसे आल्यावर सावध झालेले पक्षी पुन्हा आपापल्या कामाला लागायलाच पुष्कळ वेळ जातो. चाळीस मिनिटांत चार मनोरे चढणाऱ्याला फक्त सावध पक्षी दिसतात.

सविता_कल्याण

आपण सुचवलेला क्रम आम्ही स्वीकारत आहोत. जानेवारीत नाशिकरोडला मुक्काम, सकाळी अभयारण्य आणि दुपारनंतर शिर्डी, असे घरात ठरले आहे. सासूबाई मनोरा चढणार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी काठावर बसण्याची सोय कुठे आहे हे वाटाड्यांनी कृपया कळवावे. मुलांना मातकट रंगाचे कपडे आणि जाड स्वेटर घालणार आहे आणि शेव-फरसाणाचे पुडे गाडीतच राहतील.

मात्र दहानंतर कोणाला आत सोडू नये, या सूचनेला माझा विरोध कायम आहे. आम्हाला मुक्कामाचा खर्च परवडला म्हणून आम्ही सकाळी पोहोचणार. ज्यांना तो परवडत नाही त्यांची मुले दुपारी येतील आणि त्यांना कमळपक्षी दाखवणारा वाटाड्या तिथे असलाच पाहिजे.

चापडगावचा_वाटाड्या

सविताताई, काठावर सावलीत बसण्याजोग्या जागा आहेत. सासूबाईंना फार चालावे लागणार नाही. एक हलकी घडीची खुर्ची सोबत आणलीत तर उत्तम. येण्याच्या चार दिवस आधी पाणी कसे आहे ते मात्र नक्की विचारा. आवर्तन सुरू असेल तर मी आपल्याला दुसऱ्या काठाने नेईन.