चर्चा: मेंडोलिनवर हाफ-डिमिनिश्ड अर्पेजिओ, आधी बोटं की आधी कान? (बोलणारे सोलापूरच्या तीन भागांतले; नावाऐवजी भाग दिला आहे.)

जुळे सोलापूर:
माझं स्पष्ट मत: हा अर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरगटाचे) स्वर एकेक करून वाजवणं, आधी बोटांत बसवावा, मोकळी तार अजिबात न घेता. बी हाफ-डिमिनिश्ड म्हणजे बी, डी, एफ, ए. तारा खालच्या सुरापासून जी, डी, ए, ई, प्रत्येक तार जोडीची. जी तारेवर ४था पडदा दुसऱ्या बोटाने, ७वा करंगळीने. डी तारेवर ३रा पहिल्या बोटाने, ७वा पुन्हा करंगळीने. मग हात दोन पडदे मागे, आणि त्याच बोटांनी ए तारेवर २, ५ आणि ई तारेवर १, ५. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६०वर, ठोक्याला दोन स्वर. जमलं की सगळा साचा एकेक पडदा वर न्या.

चुकतं ते एकाच जागी. तारा पंचमात लागलेल्या, म्हणून शेजारच्या तारेवर त्याच पडद्याला शुद्ध पंचम मिळतो आणि बोट सवयीने तिथेच पडतं. इथे एक पडदा मागे यायचं असतं. डी तारेवर ३ऐवजी ४ दाबलात की एफ शार्प वाजतो, आणि हाती येतो साधा बी मायनर सेव्हन. करंगळीही दोन तारांवर आडवी टाकू नका, दोन्ही जोड्या एकदम घुमतात. उचलून ठेवा.

पार्क चौक:
साचा बरोबर, क्रम चुकीचा. बारा पट्ट्यांत साचा सरकवूनही हा कॉर्ड जातो कुठे, हे कळत नाही. आधी बी हाफ-डिमिनिश्ड, ई सेव्हन, ए मायनर एवढंच वाजवा. ई तारेकडे बघा: ५वरचा ए उतरून ४वर जी शार्प होतो, १वरचा एफ मोकळ्या ई वर येतो. बी आणि डी जागचे हलत नाहीत. तुम्ही मोकळी तार बंद केलीत, तर ऐकण्यासारखी ही उतरणच गेली.

पूर्व भाग:
कॉर्डच्या नावांत का अडकायचं? बी ला सा धरा: सा, कोमल ग, तीव्र म, कोमल नी. षण्मुखप्रिया या कर्नाटक रागात हे चारही स्वर आहेत, आणि आमच्या भागातल्या तेलुगू घरांत हा राग नवखा नाही. मेंडोलिनवादक यू. श्रीनिवास यांनी मेंडोलिन कर्नाटक मैफलीत नेलं, ते कॉर्ड मोजून नव्हे.

पार्क चौक:
श्रीनिवास यांचं वाद्य इलेक्ट्रिक, एकेरी तारांचं. इथे जोडतारांच्या मेंडोलिनवर कॉर्डची साथ चाललीय. आणि तीव्र म पंचमाकडे चढू पाहतो, इथला एफ मात्र खाली ई कडे जातो. तीव्र म म्हणून गायलात तर ओढच उलटी बसेल. सा धरायचाच तर ए धरा: रे, म, कोमल ध, सां. तो कोमल ध पंचमावर उतरला की ई सेव्हन लागतो: प, शुद्ध नी, रे, म. हा सरळ कीरवाणी राग.

पूर्व भाग:
कीरवाणी पटला, ए चा सा मान्य. पण गळ्यातून काढल्याशिवाय मेंडोलिन हातात घेऊ नये, हे मी सोडणार नाही.

जुळे सोलापूर:
गाऊन उतरताना अडकलेलं पिक (तार छेडायची पट्टी) सुटत नाही. चढताना खाली-वर, खाली-वर, प्रत्येक नवी तार खालच्या फटक्याने सुरू होते. वरचा ए दोनदा वाजवलात तर उतरताना पिक दोन जोड्यांच्या मधे सापडतं. म्हणून ए एकदाच, लगेच खालच्या फटक्याने एफ, मग वरच्या फटक्याने ए तारेचा ५वा. आणि सोलापूरच्या मे महिन्यात वाजवायच्या आधी जोड्या पुन्हा लावा. जोडी बेसूर असेल तर एफ आणि एफ शार्पमधला फरक कोणत्याच कानाला कळायचा नाही.