'अपरोक्ष' म्हणजे समक्ष की माघारी? रूढ चूक कोशाने स्वीकारावी का?

मुद्रितशोधक: बहुसंख्य लोक ज्या अर्थाने शब्द वापरतात तोच त्याचा अर्थ, कोशकाराने तो निमूटपणे टिपून घ्यावा, असे कालच्या लेखात ठासून लिहिलेले वाचले आणि राहवले नाही. 'परोक्ष' म्हणजे डोळ्यांआड, म्हणून 'अपरोक्ष' म्हणजे डोळ्यांसमोर. तरीही 'माझ्या अपरोक्ष निर्णय घेतला' असे लिहून लोक नेमका उलटा अर्थ सांगतात. मी एका संस्थेच्या कार्यकारिणीत असताना इतिवृत्तात 'अध्यक्षांच्या अपरोक्ष ठराव मंजूर झाला' असे वाक्य आले. लिहिणाऱ्याला अध्यक्ष गैरहजर होते असे म्हणायचे होते, संस्कृत जाणणाऱ्या एका सभासदाने ते हजर होते असे वाचले, आणि त्या एका 'अ'पायी पुढच्या तीन बैठका वाया गेल्या. हा गोंधळ आता कोशात छापून अधिकृत करायचा?

रूढिप्रिय: राग मानू नका, पण आधी 'राग' याच शब्दाकडे पाहा. संस्कृतात तो आसक्ती आणि प्रेम सांगतो, 'अनुराग'मध्ये तो अर्थ अजून शाबूत आहे, आणि मराठीत मात्र त्याचा संताप झाला. 'शिक्षा' ही विद्या होती, तिचा दंड झाला; 'चेष्टा' ही नुसती हालचाल होती, तिची थट्टा झाली. मोल्सवर्थ या इंग्रजाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला तेव्हा लोकांच्या तोंडचे ग्राम्य शब्दही त्यात घेतले, म्हणून तर तो आजही उघडावा लागतो. कोशकार नोंद ठेवतो, तो पहारेकरी नव्हे.

मुद्रितशोधक: हे दाखले मला पाठ आहेत. 'राग' फिरला तेव्हा त्याचा जुना अर्थ रोजच्या मराठीतून निघून गेला, त्यामुळे आज कोणाची फसगत होत नाही. 'अपरोक्ष'चे दोन अर्थ मात्र एकाच वेळी नांदत आहेत आणि ते एकमेकांचे शत्रू आहेत. शिवाय एकदा ढिलाई सुरू झाली की 'दुरवस्थे'ची 'दुरावस्था' होते आणि 'पाश्चात्य'चे 'पाश्चिमात्य'.

सूत्रपाठी: 'पाश्चात्य'? पाणिनीचे सूत्र 'दक्षिणापश्चात्पुरसस्त्यक्' असे आहे. 'पश्चात्' या शब्दाला 'त्य' लागला की दोन 'त' येतात आणि शब्द 'पाश्चात्त्य' होतो. रूढ आहे म्हणून एक 'त' आपण स्वतःच गिळलात.

मुद्रितशोधक: एक 'त' गळाल्याने अर्थ उलटत नाही. ती उच्चाराने घेतलेली सवलत आहे.

सूत्रपाठी: म्हणजे आपली ती सवलत आणि दुसऱ्याची ती ढिलाई! त्याच सूत्राने 'पौरस्त्य' सिद्ध होतो, 'पौर्वात्य' होत नाही. तरी शुद्धतेचा आग्रह धरणारेच 'पौर्वात्य' बिनदिक्कत छापतात.

मुद्रितशोधक: मी तो शब्द कधीही लिहिलेला नाही. बावीस वर्षे मुद्रिते तपासणाऱ्या माणसाला व्याकरण ऐकवण्यापूर्वी आपण छापील पानांचे किती फर्मे वाचले आहेत तेही सांगावे.

सूत्रपाठी: फर्मे मोजून 'त' सापडत नाही.

खडूफळा: त्या 'त'ला आता विश्रांती द्यावी. एका विद्यार्थिनीने 'अपरोक्ष'चा अर्थ 'पाठीमागे' असा लिहिला म्हणून मी गुण कापला. दुसऱ्या दिवशी तिने वर्तमानपत्रांची तीन कात्रणे माझ्या टेबलावर ठेवली, तिन्हींत तोच अर्थ होता, आणि माझ्या हातातल्या लहान कोशात 'समक्ष' एवढा एकच शब्द होता. कोश चूक नव्हता, पण तिने जे वाचले होते त्याबद्दल तो गप्प होता. गुण मी परत दिला नाही, आणि ते मला अजून सलते. नोंद हवीच, मात्र 'मूळ अर्थाविरुद्ध, रूढ' अशा शेऱ्यासह हवी. अमेरिकेत १९६१ साली वेबस्टरच्या मोठ्या इंग्रजी कोशाची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा वृत्तपत्रांनी रान उठवले, त्याचे एक कारण हेच होते की शब्द आत आले आणि सावध करणारे शेरे कमी झाले.

रूढिप्रिय: शेऱ्याला माझी हरकत कधीच नव्हती. इतिवृत्ताची ती गोष्ट तर माझ्याच बाजूची आहे, कारण कोशात दोन्ही अर्थ असते तर वाद पहिल्याच बैठकीत मिटला असता.

मुद्रितशोधक: मिटला नसता, दोन्ही बाजूंनी एकच पान उघडून एकमेकांपुढे नाचवले असते. तरी शेऱ्यासह नोंद मी सोसेन, फक्त तो शेरा जाड ठशात असावा, कारण बारीक ठसा कोणी वाचत नाही हे मला पोटापाण्याने शिकवले आहे. मी स्वतः मात्र 'समक्ष' आणि 'माघारी' हेच शब्द लिहीन. आणि हो, 'पाश्चात्त्य' तपासला. दोन 'त' आहेत.

सूत्रपाठी: दुसरा 'त' मिळाल्याची पोच देतो.